घोडकाठचा पाट : दख्खनच्या आद्य शेतीतील जलव्यवस्था आणि समाजरचना

१

शेती आणि नागर संस्कृती यांचा संबंध शोधू लागले म्हणजे अभ्यासकाची दृष्टी प्रथम नाईल, युफ्रेटिस, टायग्रिस आणि सिंधू ह्या नद्यांकडे वळते. ते स्वाभाविकच आहे. ह्या नद्यांच्या काठी धान्याचा वाढावा निर्माण झाला, त्या वाढाव्यावर शेती न करणारे कारागीर, पुरोहित, लेखनिक आणि राज्यकर्ते पोसले गेले, आणि त्यातून नगरे उभी राहिली. गॉर्डन चाइल्ड यांनी १९५० साली प्रसिद्ध केलेल्या नागर क्रांतीविषयीच्या निबंधात हा कार्यकारणभाव सूत्ररूपाने मांडला. पुढे १९५७ साली कार्ल विटफोगेल यांनी ह्याच विचाराला एक टोक दिले. मोठे कालवे आणि बांध उभारावयाचे तर हजारो माणसांचे श्रम एका आज्ञेखाली आणावे लागतात; म्हणून जलसिंचन आले की त्यामागोमाग केंद्रित व निरंकुश सत्ता येते, असा त्यांचा सिद्धान्त होता.

हा सिद्धान्त पुढील संशोधनात जसाच्या तसा टिकला नाही. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी मेसोपोटेमियातील वसाहतींची पाहणी करून असे दाखविले की, तेथील आरंभीचे कालवे लहान व स्थानिक होते. विस्तीर्ण कालव्यांची योजना राज्यसंस्था स्थिरावल्यानंतरची आहे. कार्ल बुट्झर यांनी १९७६ साली ईजिप्तविषयी असाच निष्कर्ष काढला. नाईलच्या पुराचे पाणी नैसर्गिक खोलगटांत अडविण्याचे काम तेथे दीर्घकाळ स्थानिक पातळीवरच चालत होते. म्हणजे राज्याने कालवे वाढविले असे म्हणता येते. कालव्यांनी राज्य घडविले असे सरसकट म्हणता येत नाही.

हा वाद बहुतेक महानद्यांच्या खोऱ्यांतील पुराव्यावर लढविला गेला. दख्खनच्या पठारावरील नद्या त्या जातीच्या नाहीत. त्या पावसाळ्यात दुथडी भरतात आणि उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात. अशा प्रदेशातील आद्य शेतकऱ्याने पाण्याचा प्रश्न कसा सोडविला, आणि त्या उत्तरातून कोणती समाजरचना निर्माण झाली, हा प्रश्न महाराष्ट्राच्या अभ्यासकाला अधिक जिव्हाळ्याचा आहे. सुदैवाने त्याचा पुरावा पुणे जिल्ह्यातच उपलब्ध आहे. प्रस्तुत लेखात शिरूर तालुक्यातील इनामगाव येथील पुराव्याच्या आधारे ह्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

२

महाराष्ट्रातील ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीचा परिचय प्रथम प्रवरेच्या काठी झाला. संगमनेर तालुक्यातील जोर्वे येथे १९५०-५१ साली डॉ. ह. धी. सांकलिया व डॉ. शां. भा. देव यांनी उत्खनन केले आणि तांबड्या पृष्ठभागावर काळ्या रंगात नक्षी काढलेल्या चाकावरील मृद्‍भांड्यांना त्या गावाचे नाव मिळाले. त्यानंतर नेवासे, दायमाबाद, चांदोली, सोनगाव इत्यादी स्थळांनी ह्या संस्कृतीचा विस्तार स्पष्ट केला. परंतु एका खेड्याचे संपूर्ण जीवन उलगडून पाहावयाचे, ह्या हेतूने विस्तृत क्षेत्रावर दीर्घकाळ उत्खनन झाले ते इनामगाव येथेच. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ ह्या काळात हे काम केले. डॉ. सांकलिया, डॉ. म. के. ढवळीकर व डॉ. झैनुद्दीन अन्सारी हे त्याचे सूत्रधार होते. उत्खननाचा सविस्तर वृत्तान्त १९८८ साली प्रसिद्ध झाला.

इनामगाव हे भीमेची उपनदी घोड हिच्या उजव्या तीरावर आहे. हा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील प्रदेश असून अवर्षण हा येथील नित्याचा पाहुणा आहे. येथील वस्तीचे तीन कालखंड पाडण्यात आले आहेत : माळवा संस्कृतीचा काळ (सुमारे इ. स. पू. १६०० ते १४००), पूर्व जोर्वे काळ (सुमारे इ. स. पू. १४०० ते १०००) आणि उत्तर जोर्वे काळ (सुमारे इ. स. पू. १००० ते ७००). तिन्ही कालखंड मिळून शंभराहून अधिक घरे उजेडात आली.

येथील धान्यावशेषांत जव हे मुख्य पीक दिसते. त्याखेरीज गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, लाख, वाल इत्यादी धान्ये मिळाली आहेत. बोर, जांभूळ यांसारखी रानफळेही आहारात होती. ह्या यादीत दोन प्रवाह एकत्र आलेले दिसतात. जव, गहू, मसूर ही पश्चिम आशियात प्रथम लागवडीस आलेली व हिवाळ्यात वाढणारी धान्ये आहेत; कुळीथ हे मात्र भारतीय द्वीपकल्पाच्या पावसाळ्याशी जुळलेले कडधान्य आहे. दख्खनचा आद्य शेतकरी एकाच शिवारात दोन ऋतूंची शेती करीत होता. खरिपाला आभाळाचे पाणी मिळे. रब्बीच्या पिकाला मात्र जमिनीत मुरलेल्या ओलीचा किंवा माणसाने आणून दिलेल्या पाण्याचा आधार लागे. पाटाचा प्रश्न येथे उपस्थित होतो.

३

पूर्व जोर्वे काळातील वस्तीच्या कडेला उत्खननकारांना एक रुंद चर आणि दगडमातीचा बांध आढळला. चराची लांबी सुमारे २०० मीटर, रुंदी ४ मीटर व खोली साडेतीन मीटर आहे. बांध सुमारे २४० मीटर लांब व दोन मीटरांहून थोडा अधिक रुंद असून दगडगोटे मातीत बसवून तो रचला होता. घोड नदीच्या पुराचे पाणी ह्या चरात वळवून, बांधाने अडवून, शेतीसाठी वापरले जात असावे, असे डॉ. ढवळीकर यांनी प्रतिपादन केले. गव्हाचे पीक ह्या कोरड्या प्रदेशात पाण्यावाचून येणे कठीण, हा त्यांच्या अनुमानाचा एक मुख्य आधार होता.

ह्या अनुमानाची दोन अंगांनी तपासणी करणे अवश्य आहे. पहिला प्रश्न हेतूचा. नदीकाठच्या खेड्याला पुराचे भय असते आणि बांध हा पुरापासून वस्तीचे रक्षण करण्यासाठीही घातला जातो. गव्हाचा पुरावाही एकट्याने निर्णायक ठरत नाही. खोल काळ्या जमिनीत परतीचा पाऊस चांगला झाला, तर केवळ ओलीवर जिराईत गहू घेण्याची रीत महाराष्ट्रात अलीकडच्या काळापर्यंत चालत आलेली आहे. परंतु हे दोन हेतू परस्परांना छेद देत नाहीत. पुराचे पाणी वस्तीपासून दूर न्यावयाचे, ते कोठे तरी सोडावे लागतेच. आणि ते जेथे सोडावे तेथील जमीन भिजते व तीवर गाळ बसतो. रक्षणासाठी खणलेला चर शेतीला उपयोगी पडतो, हे एकदोन हंगामांत कोणत्याही शेतकऱ्याच्या ध्यानात येईल. म्हणून ह्या चराला वर्षभर वाहणारा कालवा न समजता, पुराच्या पाण्यावर रब्बीची ओल साधणारी योजना समजणे अधिक सयुक्तिक होईल.

दुसरा प्रश्न श्रमाचा, आणि विटफोगेल यांच्या सिद्धान्ताच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा. वरील मापे घेऊन संपूर्ण चर माणसांनी खणला असे गृहीत धरले, तर सुमारे २,८०० घनमीटर माती हलवावी लागली असेल. लोखंडाची कुदळ नसताना, खणण्याच्या काठ्या व टोपल्या यांच्या साहाय्याने एका माणसाने दिवसाकाठी एक घनमीटर माती काढली असे मानू. मग २,८०० मनुष्यदिवस लागतील. शंभर माणसे राबली तर हे काम अठ्ठावीस दिवसांत पुरे होईल. एखादी नैसर्गिक घळ रुंद करून चर काढला असल्यास श्रम आणखी कमी. हा हिशेब ढोबळ आहे. श्रमाचा अंदाज दुपटीने चुकला असे मानले तरी निष्कर्ष पालटत नाही. रब्बीची मळणी आटोपल्यानंतर आणि मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी जो मोकळा काळ शेतकऱ्याला मिळतो, त्यात एकदोन उन्हाळ्यांत हे काम एका मोठ्या गावाला, किंवा शेजारच्या दोनतीन वस्त्यांना मिळून, करता येण्याजोगे होते. त्यासाठी सम्राट नको होता. मात्र कोणी तरी दिवस ठरवावयास, माणसे बोलवावयास आणि पाण्याची वाटणी करून द्यावयास हवे होते. राज्यसंस्था नसली तरी व्यवस्था हवीच होती.

४

पाण्याबरोबर औताचाही विचार केला पाहिजे. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय इतिहासाच्या अभ्यासविषयक ग्रंथात दख्खनच्या काळ्या जमिनीचा प्रश्न उपस्थित केला होता. ही चिकण व जड जमीन लोखंडी फाळाच्या भारी नांगरावाचून मोठ्या प्रमाणावर लागवडीस आणता येणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. तंत्र आणि समाज यांचा संबंध इतक्या स्पष्टपणे दाखविणारे विवेचन त्या काळी दुर्मिळ होते. त्यानंतरच्या उत्खननांनी मात्र लोखंडापूर्वी कित्येक शतके दख्खनमध्ये स्थिर शेती होती, हे सिद्ध केले. मग कोसंबींचे म्हणणे चुकले काय?

ह्याचे उत्तर जमिनीच्या भेदात आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते. वरची मोकळी ढेकळे व भुगा त्या भेगांत पडतो आणि पावसाने माती फुगली की खालचा थर वर ढकलला जातो. जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, असे म्हणतात ते ह्यामुळेच. अशा जमिनीत पेरणीपुरती रेघ ओढण्यास हलके औत पुरेसे होते. इनामगावजवळच्या वाळकी येथे गुराच्या हाडापासून केलेला औताचा फाळ मिळाला आहे, तो ह्याच प्रकारच्या शेतीचा निदर्शक होय. उत्तरेत कालीबंगन येथील १९६० नंतरच्या उत्खननात हडप्पापूर्व काळातील नांगरलेल्या शेताच्या सऱ्या उघडकीस आल्या आणि बनावली येथे मातीच्या नांगराची प्रतिकृती मिळाली; तेव्हा बैलाचे औत ही कल्पना ह्या काळी नवी नव्हती. जोर्वे संस्कृतीत तांबे दुर्मिळ असल्यामुळे ते कुऱ्हाडी, बांगड्या व गळ यांकडे जाई. कापणीसाठी गारगोटीच्या जातीच्या दगडाची लहान पाती लाकडी दांड्यात बसवीत.

तथापि हलक्या औताची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे. जोर्वे संस्कृतीच्या वस्त्या नद्यांच्या काठाला धरून आहेत. दोन नद्यांमधील पठारावरचे, हरळी-कुंद्याने गच्च भरलेले जड रान त्यांना मोडता आले नाही. नदीकाठच्या गाळाच्या पट्ट्यापुरते पाहिले तर लोखंडावाचून शेती शक्य होती. संपूर्ण पठाराचा विचार केला तर कोसंबींचे निरीक्षण आजही विचारात घ्यावे लागते. दोन्ही मते आपापल्या भूमीवर खरी आहेत.

५

ह्या शेतीतून कोणता समाज उभा राहिला? पूर्व जोर्वे काळात इनामगावात चौकोनी, कुडाच्या भिंतींची प्रशस्त घरे होती. कुंभार, सोनार, चुनेवाला यांसारख्या कारागिरांची घरे गावाच्या एका कडेला होती. वस्तीच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर मिळाले असून त्याला लागून धान्याचे कोठार आहे. त्यात धान्य साठविण्याची पेवे आणि कणग्या ठेवण्याचे वर्तुळाकार ओटे आढळले. मृतांना घराच्या अंगणात अथवा जमिनीखाली पुरण्याची चाल होती. लहान मुलांसाठी दोन कुंभ तोंडाला तोंड लावून ठेवीत. प्रौढांना खड्ड्यात उताणे पुरून त्यांचे पाय घोट्याखाली तोडीत. पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घातलेल्या स्थितीत एका पुरुषाचे दफन आढळले. ह्या सर्व पुराव्यावरून डॉ. ढवळीकर यांनी येथे वंशपरंपरागत नायक असलेला श्रेणीबद्ध समाज होता, धान्याचा काही भाग कररूपाने ह्या कोठारात येत असावा, असा निष्कर्ष काढला.

नायकाचे अस्तित्व मान्य करण्यास हरकत नाही. परंतु पाट आणि नायक यांचा कार्यकारणसंबंध कोणत्या दिशेचा, हे केवळ दोन्ही एकाच काळी आढळले एवढ्यावरून ठरत नाही. येथे महाराष्ट्रातीलच एका पुढच्या काळातील व्यवस्थेशी तुलना उद्‍बोधक ठरते. खानदेश व बागलाण ह्या भागात पांझरा, मोसम, आरम ह्या नद्यांवर फडपद्धती नावाची सिंचनव्यवस्था कित्येक शतके चालत आली. नदीवर दगडी बंधारा घालावयाचा, त्यातून पाट काढावयाचा, पाटाला चाऱ्या आणि जादा पाण्याला सांडवा. भिजणाऱ्या क्षेत्राचे फड पाडून प्रत्येक फडात त्या वर्षी एकच पीक घ्यावयाचे, म्हणजे पाण्याची पाळी एकसारखी राहते. पाटकरी पाणी देतो, जागल्या राखण करतो आणि त्यांचा मोबदला शेतकरी देतात. पाटाची साफसफाई सर्वांनी मिळून करावयाची. राज्ये पालटली, परंतु गावाच्या पंचांनी चालविलेली ही व्यवस्था टिकून राहिली.

इनामगावला फडपद्धती होती, असे ह्यावरून सुचवावयाचे नाही. दोहोंमध्ये सुमारे तीन सहस्रकांचे अंतर आहे. तुलनेचा उपयोग एवढाच की, मध्यम आकाराची जलयोजना केंद्रीय सत्तेवाचून, गावकीच्या बळावर चालू शकते, हे ह्याच भूमीवर प्रत्यक्ष दिसून येते. दख्खनच्या नद्या लहान, त्यांची खोरी एकमेकांपासून उंचवट्यांनी विभागलेली. एका बंधाऱ्याचे पाणी दोनचार गावांपलीकडे जात नाही. ज्या भूगोलाने नाईलला एकसंध केले, त्याच्या उलट भूगोलाने येथील पाणी गावागावांत वाटून टाकले. इनामगाव खेडेच राहिले, त्याचे नगर झाले नाही, ह्याचा एक खुलासा येथे मिळतो. वाढावा होता, पण तो एका कोठारापुरता.

६

ही व्यवस्था टिकली नाही. इ. स. पू. १००० च्या सुमारास गोदावरी-प्रवरा खोऱ्यातील बहुतेक जोर्वे वस्त्या ओस पडल्या. भीमेच्या खोऱ्यात इनामगावसारख्या वस्त्या तग धरून राहिल्या, परंतु त्यांचे रूप पालटले. उत्तर जोर्वे काळात मोठ्या चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. मृद्‍भांडी ओबडधोबड झाली, गव्हाचे प्रमाण घटले, आणि शिकार व पशुपालन यांवरील भिस्त वाढली. हवामान अधिक कोरडे झाल्यामुळे हा समाज दैन्यावस्थेत जाऊन अर्धभटका झाला, असे डॉ. ढवळीकर यांचे मत होते.

त्यानंतरच्या संशोधनाने ह्या चित्रात भर घातली आहे. ग्वेन रॉबिन्स शुग यांनी नेवासे, दायमाबाद व इनामगाव येथील बालकांच्या सांगाड्यांचा अभ्यास करून २०११ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तर जोर्वे काळातील मुलांची वाढ खुंटल्याच्या खुणा त्यांना आढळल्या. मात्र अवर्षणाच्या एकाएकी आलेल्या आघाताने सर्व घडले, हे मत त्यांनी जसेच्या तसे स्वीकारले नाही. मूळचाच कोरडा प्रदेश, वाढलेली वस्ती आणि त्याच त्या पट्ट्यातील सततची शेती यांचाही हिशेब घ्यावा लागतो. मेसोपोटेमियाच्या दक्षिण भागात पाण्याच्या अतिवापराने जमिनी खारावल्या आणि गव्हाची जागा जवाने घेतली, असे याकोब्सन व अ‍ॅडम्स यांनी १९५८ साली मांडले होते. त्यावरही पुढे पुष्कळ वाद झाला. दोन्ही ठिकाणचा बोध एकच आहे. पाण्याची योजना मनुष्याला निसर्गाच्या लहरीतून अंशतः सोडविते, परंतु त्या योजनेवर लोकसंख्या एकदा उभी राहिली, की योजनेचे अपयश पूर्वीच्या अवर्षणाहून अधिक जाचक ठरते. इनामगावची मुले ह्याची साक्षी आहेत.

७

महाराष्ट्रात नगरे उदयास आली ती ह्यानंतर काही शतकांनी, सातवाहनांच्या काळाच्या आसपास. पैठण, तेर, जुन्नर, नाशिक ही नावे ह्या संदर्भात प्रसिद्ध आहेत. मध्यंतरी काय बदलले? एक म्हणजे लोखंड. विदर्भातील महापाषाणयुगीन स्थळांवर लोखंडी हत्यारे विपुल मिळतात आणि नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली आहे. जड रान मोडण्याचे साधन आता हाती आले. दुसरे म्हणजे सह्याद्रीच्या घाटांतून चालणारा व्यापार. तिसरे, भूमी मोजून तिचे दान करू शकणारी राज्यसंस्था.

तरीही भूमीचे मोल माणसांच्या श्रमावरच अवलंबून होते, ह्याचा एक बोलका पुरावा नाशिकच्या लेण्यांत आहे. गौतमीपुत्र सातकर्णीने तेथील भिक्षूंना कखडी गावातील शेत दिले होते. पुढे आपल्या राजवर्षाच्या चोविसाव्या वर्षी, राजमातेसह दिलेल्या आज्ञेत, ते शेत कसले जात नाही आणि गावही वसलेले नाही, म्हणून त्याऐवजी राजाच्या मालकीच्या भूमीतून शंभर निवर्तने द्यावीत, असे त्याने कळविले. राजा भूमी देऊ शकत होता. नांगर धरणारे हात आणि ते गाव सोडून न जाण्याचे कारण तो केवळ आज्ञेने निर्माण करू शकत नव्हता.

पाण्याच्या बाबतीतही हेच दिसते. उषवदाताच्या नाशिक लेखात तळी व विहिरी बांधल्याचा उल्लेख पुण्यकर्म म्हणून येतो. आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षाच्या लेखात एका उपासिकेने आजारी भिक्षूंच्या औषधासाठी ठेवलेल्या निधीची हकीकत आहे. तो निधी ज्या श्रेणींकडे सोपविला, त्यांत ओदयंत्रिकांची, म्हणजे जलयंत्रांचा व्यवसाय करणाऱ्यांची श्रेणी आहे. पाण्याची विद्या आता एका संघटित व्यवसायाच्या हाती होती आणि त्या व्यवसायाची पत लोकांनी ठेव ठेवावी इतकी होती. राजा, दाता, श्रेणी आणि गाव असे पाण्याचे चार धनी येथे दिसतात. एकट्या राजाची जलसत्ता येथे दिसत नाही.

८

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, दख्खनमधील आद्य जलयोजना खेड्याच्या श्रमशक्तीच्या आवाक्यातील होती. तिच्यासाठी राज्यसंस्थेची गरज नव्हती, आणि केवळ तिच्यामुळे राज्यसंस्था निर्माणही झाली नाही. दुसरी, औत, धातू, माती व पाणी यांचा विचार सुटा करून चालत नाही; हाडाचा फाळ आणि पुराचा पाट यांनी नदीकाठ वसविला, पठार वसविण्यास लोखंड लागले. तिसरी, दख्खनचा इतिहास हा महानद्यांच्या संस्कृतींची अपुरी आवृत्ती नव्हे. लहान नद्यांच्या प्रदेशात सत्ता व पाणी दोन्ही विखुरलेली राहतात, आणि त्या विखुरलेपणाची स्वतःची टिकाऊ रीत असते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांना येथे करण्यासारखे काम पुष्कळ आहे. घोड, कुकडी व भीमा यांच्या काठच्या जुन्या पांढरींच्या आसपास चर आणि बांध यांच्या खुणा पद्धतशीरपणे शोधल्या पाहिजेत. एका गावच्या पाटावरून संपूर्ण खोऱ्याविषयी बोलण्याचा मोह त्यामुळे आवरेल. आज ह्या परिसरातील नद्यांवर मोठी धरणे आहेत, नांगरटीने व गाळाच्या उपशाने पांढरी झपाट्याने नाहीशा होत आहेत, आणि पाण्याच्या वाटणीचा प्रश्न दर उन्हाळ्यात नव्याने उभा राहतो. ज्या भूमीवर हा प्रश्न साडेतीन हजार वर्षांपूर्वी प्रथम हाताळला गेला, तेथील पुरावा नष्ट होण्यापूर्वी नोंदविणे हे आपले पहिले कर्तव्य होय.